थोडा वेळ थांबलं की मुका होणारा टचस्क्रीन: दोष शोधायचा कसा?

टचस्क्रीन चालेनासा झाला की प्रत्येक लॅबमध्ये एक उपाय तोंडपाठ असतो: वायर काढा, परत लावा. गंमत म्हणजे हा उपाय बऱ्याचदा चालतोसुद्धा. स्क्रीन परत जागा होतो, सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि दहा-पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही की तो पुन्हा मुका. चित्र दिसतंय, माउस चालतोय, फक्त बोट लावलं की काही होत नाही.

घरच्या कंप्युटरवर ही नुसती कटकट असते. पण तुम्ही त्याच स्क्रीनवर डेटा गोळा करणार असाल तर प्रकरण वेगळं आहे. पीएचडीला नुकतेच लागलेले किंवा लागू पाहणारे अनेक जण विचारतात, की "उपकरणातला दोष शोधणं हे काय संशोधन आहे का? ते टेक्निशियनचं काम ना?" माझं उत्तर असं, की संशोधनाची पद्धत शिकायला याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. गृहीतक, एका वेळी एकच बदल, पुरेशा चाचण्या, प्रामाणिक नोंद, सगळं यात आहे. शिवाय उत्तर बरोबर आलं की नाही, हे दोन-तीन दिवसांत कळतं. थिसिसमध्ये ते कळायला वर्षं जातात.

आधी, यात एवढं काय अडलंय?

समजा तुमचा प्रयोग असा आहे. स्क्रीनवर आकृती दिसते आणि सहभागी व्यक्तीने 2 सेकंदांत तिला बोट लावायचं. दर 40 ट्रायलनंतर विश्रांती, ती हवी तेवढी घ्यायची मुभा. विशी-पंचविशीतली मुलं अर्ध्या मिनिटात "चला, पुढे" म्हणतात. साठीच्या पुढचे लोक पाणी पितात, पाय मोकळे करतात, तुमची चौकशी करतात. चार-पाच मिनिटं सहज जातात.

आता कंप्युटर 3 मिनिटांनी स्क्रीन बंद करतो असं धरा. तुम्ही कीबोर्डवरचं बटण दाबून चित्र परत आणता, पण टचचा भाग नीट जागा व्हायला आणखी काही सेकंद लागतात. तेवढ्यात पहिल्या दोन-तीन ट्रायल निघून जातात. माणसाने बोट लावलेलं असतं, तेही वेळेत. फाइलमध्ये मात्र "प्रतिसाद नाही" असं पडतं.

हे फक्त जास्त विश्रांती घेणाऱ्यांच्या बाबतीत होईल, म्हणजे जास्त करून ज्येष्ठांच्या. शेवटी तुमच्या आलेखात स्वच्छ दिसेल, की वय वाढलं तसे सुटलेले प्रतिसाद वाढले. लक्ष, स्मरण, प्रतिक्रियेचा वेग यांवर एक परिच्छेद लिहायचा मोह होईल. आणि तो सगळा परिच्छेद मॉनिटरच्या झोपेबद्दल असेल.

कुठेही कसाही पडणारा गोंधळ आपला निष्कर्ष फक्त धूसर करतो. पण एका गटावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडणारा दोष निष्कर्षच तयार करतो. पहिला त्रासदायक आहे, दुसरा धोकादायक.

एक डबा, आत दोन यंत्रं

टचस्क्रीन मॉनिटर आपल्याला एक वस्तू वाटते. कंप्युटरच्या लेखी त्या दोन आहेत. चित्र एका वायरने जातं: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा जुन्यात व्हीजीए. बोटाची बातमी येते दुसऱ्या वायरने, यूएसबीने, आणि तीही माउस-कीबोर्ड जशी बातमी पाठवतात तशीच. यूएसबी-सीवाल्या काही मॉनिटरमध्ये दोन्ही एकाच वायरमधून जातात, पण आत मार्ग वेगळेच असतात. म्हणून चित्र ठणठणीत आणि टच गायब, हे अगदी शक्य आहे. "स्क्रीन चालू आहे" हा टच चालू असल्याचा पुरावा नाही.

आजच्या बहुतेक टचस्क्रीनमध्ये काचेखाली पारदर्शक वाहकाची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की जाळीच्या आडव्या-उभ्या रेषांमधली धारिता किंचित बदलते. कंट्रोलर नावाची चिप सेकंदाला अनेकदा ही जाळी वाचते, "कोणीही हात लावलेला नाही" या अवस्थेतल्या आकड्यांशी तुलना करते, आणि फरक दिसला की स्पर्श झाल्याचं कळवते. या साखळीत झोप येण्याच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा यूएसबी. वीज वाचवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम न वापरलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवते. यूएसबी 2.0 च्या नियमाप्रमाणे बसवर 3 मिलिसेकंद काहीच हालचाल नसेल तर उपकरणाने झोपेत जायचं, आणि झोपेत असताना अवघे 2.5 मिलिअँपिअर घ्यायचे. जागेपणी यूएसबी 2.0 पोर्टवर 500 मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते, म्हणजे उपास किती कडक ते बघा. बोट लागलं की उपकरणाने कंप्युटरला स्वतः हाक मारून उठवायचं असतं. इतक्या कमी विजेत बोट ओळखणं आणि हाक मारणं ज्या कंट्रोलरला नीट जमत नाही, तो झोपतो तो झोपतोच.

दुसरी जागा मॉनिटर. चित्राचा सिग्नल थांबला की मॉनिटर स्टँडबायमध्ये जातो. काही मॉनिटर त्याबरोबर आतल्या यूएसबी हबची किंवा टच कंट्रोलरचीही वीज तोडतात. चित्र लगेच परत येतं, पण कंट्रोलरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसरी जागा खुद्द कंट्रोलर. तोही बराच वेळ बोट दिसलं नाही की जाळी कमी वेळा वाचतो. आणि जागा होताना तो "हात नसलेली" अवस्था पुन्हा मोजत असेल, आणि नेमकं तेव्हाच काचेवर ओलं फडकं किंवा कोणाचा तळहात असेल, तर तेवढी जागा काही वेळ बधिर राहू शकते.

नेमकं काय मेलंय?

सेटिंग बदलायची घाई करू नका. दोष समोर आहे तोवर तो बोलका आहे. वायर ओढलीत की पुरावा गेला. आधी या क्रमाने बघा आणि वहीत लिहा:

1. माउसने तेच बटण दाबून बघा. दाबलं जात नसेल तर तुमचा प्रोग्रॅमच अडकलाय, टचचा काही दोष नाही.

2. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर बोट लावताना त्याच्याकडे बघा. झोपेतून उठल्यावर कधी कधी टचची जोडी चुकीच्या स्क्रीनशी लागते. तुम्ही इथे बोट लावता आणि क्लिक तिथे होतो. टच जिवंत आहे, पत्ता चुकलाय. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमधून ही जोडी परत लावता येते.

3. डिव्हाइस मॅनेजर उघडून ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेसखाली एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन ही नोंद आहे का ते बघा. नोंदच गायब असेल तर वीज, वायर किंवा हब यांकडे संशय जातो. नोंद आहे, चूक दाखवत नाही, तरी टच मुका, असं असेल तर झोपेतून न उठण्याची शक्यता जास्त. पिवळं चिन्ह आणि कोड 43 दिसला तर उपकरणाने काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजने त्याला थांबवलंय.

4. अर्धा-एक मिनिट थांबून परत बोट लावा. आपोआप आला का? "उशिरा येतो" आणि "येतच नाही" हे दोन वेगळे आजार आहेत.

5. हे सगळं झाल्यावरच यूएसबी काढून लावा. त्याने आला तर दोष कंप्युटर आणि कंट्रोलर यांच्या बोलण्यात. त्याने आला नाही, पण मॉनिटरची वीज बंद-चालू केल्यावर आला, तर कंट्रोलर आतल्या आत अडकलेला होता.

एक सूचना. झोपलेल्या स्क्रीनला केलेला पहिला स्पर्श नुसता उठवण्यासाठी वापरला जातो, तो प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही, असं अनेक ठिकाणी मुद्दामच केलेलं असतं. त्याला दोष म्हणू नका. पण प्रयोगात त्याची सोय करावीच लागेल.

किती वेळाने, हे शोधा. मग ती वेळ हलवून बघा

"बराच वेळ ठेवला की बंद पडतो" हे निरीक्षण नाही, तक्रार आहे. आपल्याला आकडा हवा. 1 मिनिट थांबून टच चालतो आणि 32 मिनिटं थांबून चालत नाही, असं दिसलं तर मधला 16 मिनिटांचा अवकाश घ्या. बंद पडला? मग 8. चालला? मग 12. दर वेळी अंतर अर्धं. चार-पाच चाचण्यांत तुम्ही एक-दोन मिनिटांच्या पट्ट्यात पोचता. दोष दर वेळी हटकून येत असेल तरच ही युक्ती वापरा. कधी येतो कधी नाही असा असेल तर प्रत्येक अवकाश अनेकदा तपासावा लागतो.

समजा आकडा 10 मिनिटांच्या आसपास आला, आणि स्क्रीन बंद होण्याची सेटिंगही 10 मिनिटांचीच निघाली. सापडलं कारण? अजून नाही. दोन आकडे जुळले एवढंच झालं. आता स्क्रीन बंद होण्याची वेळ 10 वरून 4 मिनिटांवर आणा आणि परत मोजा. दोषही 4 मिनिटांवर सरकला तर तुमच्या हातात खरा पुरावा आहे. तो 10 वरच राहिला तर स्क्रीनची सेटिंग निर्दोष, जुळणी योगायोगाची. सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक आपण पेपर एकमध्ये पाठ करतो. तो इथे एका सेटिंगमध्ये हाताला लागतो: कारण मानलेली गोष्ट हलवा, परिणाम मागोमाग येतो का बघा.

चार चौकटींचा प्रयोग

इंटरनेटवरचे सल्ले वाचून लोक पाच सेटिंग एकदम बदलतात. टच चालू होतो आणि कशाने झाला ते कधीच कळत नाही. पुढच्या अपडेटने त्यांतली एक सेटिंग मूळ जागी गेली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

त्याऐवजी दोन मुख्य संशयित घ्या: यूएसबीची झोप आणि स्क्रीनची झोप. प्रत्येक चालू किंवा बंद. एकूण चार परिस्थिती होतात. प्रत्येकीत सारखाच अवकाश ठेवा, समजा 15 मिनिटं. शेवटी चारही ठिकाणी कीबोर्डवरचं तेच बटण दाबा, 5 सेकंद थांबा, ठरलेल्या जागी बोट लावा. प्रत्येक चाचणीआधी कंप्युटर रीस्टार्ट करा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर एक परिस्थिती कायम सकाळी आणि दुसरी कायम तापलेल्या मशीनवर दुपारी, असं होऊन बसतं.

उत्तर असं वाचायचं. यूएसबीची झोप चालू असतानाच दोष येतो, स्क्रीनचं काहीही असो: कारण पहिलं. स्क्रीनची झोप चालू असतानाच येतो: कारण दुसरं. दोन्ही चालू असतील तेव्हाच येतो: दोघांची युती, आणि दोहोंपैकी एक बंद केलं तरी भागतं. एकेक सेटिंग वेगळी तपासणाऱ्याला ही युती ओळखताच आली नसती. त्याला फक्त "हे बंद केलं तरी चालतं, ते बंद केलं तरी चालतं" असं दिसून तो चक्रावला असता. चारही चौकटींत दोष आला तर दोन्ही संशयित सुटले. मग वायर, पोर्ट, कंट्रोलर यांकडे वळा. दुसरी आखूड वायर लावा, मधला हब काढून थेट मशीनला जोडा, मॉनिटर दुसऱ्या कंप्युटरला लावून बघा. यूएसबी 2.0 ची साधी वायर 5 मीटरपेक्षा लांब चालवायची नसते, आणि प्रयोगाच्या खोलीत सहभागी एका बाजूला, कंप्युटर भिंतीपलीकडे, अशी मांडणी सर्रास असते.

"आता चालतंय" म्हणायला किती चाचण्या?

दोष पाचांतून एकदा येत होता असं समजा. तुम्ही सेटिंग बदललीत, पाच वेळा तपासलं, पाचही वेळा टच चालला. झालं का काम?

हिशोब करू. बदलाने काहीच फरक पडला नसता, तरी एका चाचणीत दोष न येण्याची शक्यता 0.8. सलग पाच वेळा न येण्याची 0.8 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 0.33. तीनात एकदा तुम्ही उगाच पेढे वाटणार. दहा चाचण्यांनंतर हा आकडा सुमारे 0.11 होतो. 0.05 च्या खाली जायला सलग 14 चाचण्या लागतात, तेव्हा तो 0.044 असतो. प्रत्येकी 15 मिनिटं धरली तर साडेतीन तास. कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम आहे. 60 सहभागींचा डेटा परत गोळा करण्यापेक्षा स्वस्त.

याचीच एक सोपी आवृत्ती लक्षात ठेवा: सलग एन चाचण्यांत एकदाही दोष आला नाही, तर 95 टक्के खात्रीने म्हणता येतं की खरा दर साधारण 3 भागिले एन पेक्षा कमी आहे. 30 चाचण्या निर्दोष गेल्या, तर दर 10 टक्क्यांच्या खाली. शून्य नव्हे. "एकदाही झालं नाही" आणि "होतच नाही" या दोन वाक्यांमधलं अंतर किती, ते हा नियम सांगतो.

उपाय, आणि त्याच्या पुढची खबरदारी

विंडोजवर पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे यूएसबी सेटिंग्जखाली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करता येतं. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर यांसाठी ते वेगवेगळं असतं, दोन्हीकडे बघा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब आणि संबंधित यूएसबी इनपुट डिव्हाइस यांच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" या अर्थाची खूण असते, ती काढा. लिनक्सवर प्रत्येक यूएसबी उपकरणाला पॉवर कंट्रोल असतं. ते "ऑटो" वर असेल तर "ऑन" करा, आणि रीस्टार्टनंतरही टिकावं म्हणून यूडेव्हचा नियम लिहा. पॉवरटॉपसारखं वीज वाचवणारं साधन कोणी चालवलं असेल तर ते हीच सेटिंग मागच्या दाराने बदलतं. मॉनिटरचा स्वतःचा मेनूही उघडून बघा. स्टँडबायमध्ये यूएसबी किंवा टच चालू ठेवण्याचा पर्याय काहींत असतो.

पण प्रयोग नुसता सेटिंगच्या भरवशावर सोडू नका. प्रत्येक विश्रांतीनंतर "तयार असाल तर या चौकोनाला बोट लावा" असा एक पडदा ठेवा. तो स्पर्श नोंदला गेल्याशिवाय पुढची ट्रायल सुरूच होणार नाही. टच झोपलेला असेल तर तो तिथेच उघडा पडेल, डेटात घुसणार नाही. पाच-दहा ओळींचा कोड आहे.

डेटा आधीच गोळा झाला असेल तर

घाबरू नका, आणि गप्पही बसू नका. सुटलेले प्रतिसाद वेगळे काढा आणि प्रत्येकाआधीची विश्रांती किती होती ते मांडा. माणूस थकला, लक्ष उडालं, तर बदल हळूहळू दिसतो आणि तो ट्रायलच्या कुठल्याही टप्प्यावर येऊ शकतो. यंत्राच्या झोपेची खूण वेगळी: ठरावीक मिनिटांपर्यंत सगळं ठीक, त्यापुढे एकदम पायरी, आणि फक्त विश्रांतीनंतरच्या पहिल्या काही ट्रायलमध्ये. अशी पायरी दिसली तर त्या ट्रायल वगळायचा नियम ठरवा. तो गटांमधला फरक बघण्याआधी ठरवा, सगळ्या सहभागींना सारखा लावा, आणि गाईडला लेखी कळवा. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. वगळून आणि न वगळता, दोन्ही निकाल थिसिसमध्ये द्या. व्हायवाला परीक्षकाने हा प्रश्न काढण्यापेक्षा तो तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहिलेला असणं केव्हाही बरं.

आणि आजच करता येईल असं एक काम. तुमच्या लॅबच्या वहीत उपकरणाच्या पानावर एवढं लिहून ठेवा: मॉनिटरचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, स्क्रीन बंद होण्याची वेळ, यूएसबीची झोप चालू की बंद, वायरची लांबी, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला आणि किती चाचण्या. सहा ओळी. पुढच्या वर्षी त्याच खोलीत नवीन विद्यार्थी येईल, कोणीतरी त्याला वायर काढून लावायला सांगेल. त्याच्यासाठी हे पान असू द्या.